वाटेवरच्या जखमीसाठी निदान एक फोन : विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

स.न.वि.वि.

हिवाळी अधिवेशनासाठी तुम्ही नागपूरला जाता. त्याच नागपूर जिल्ह्यात, जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर देवलापारच्या हद्दीत, ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ऐन राखीपौर्णिमेला, ट्रकच्या धडकेनं दुचाकीवरची एक बाई रस्त्यावर पडली आणि गेली. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत राहिला. कोणी थांबेना. शेवटी त्यानं बायकोचा मृतदेह दुचाकीला बांधला आणि तसाच निघाला. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल.

कोणी थांबलं असतं तर ती बाई वाचली असती, असा माझा दावा नाही. ती जागीच गेली, असं तेव्हा सांगण्यात आलं. पण भर रस्त्यात बायको पडलेली असताना ती गेली की आहे, हे त्या माणसानं एकट्यानं ठरवायचं होतं का? कोणीतरी १०८ ला फोन लावायचा. कोणीतरी आपली गाडी आडवी लावून मागून येणारी वाहनं रोखायची. अंगावर एखादी चादर घालायची. बाकी काही जमलं नाही तरी त्याच्याजवळ उभं राहायचं. त्याला यातलं काहीच मिळालं नाही.

त्याआधी १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. काच फोडून बाहेर पडलेल्यांनी रस्त्यावरच्या वाहनांना हात केला, पण गाड्या थांबल्या नाहीत, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बरीच वर्षं महामार्गालगतच्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात गेली. त्या जोरावर तुमच्याकडे एक मागणी घेऊन आले आहे. जिवावर बेतलेला माणूस समोर दिसत असेल आणि स्वतःला धोका न पत्करता मदत बोलावता येत असेल, तर निदान ११२ किंवा १०८ ला कळवणं प्रत्येक सज्ञान माणसावर कायद्यानं बंधनकारक करा. आणि त्याच कायद्यात, मदत करणाऱ्याला जो छळेल, मग तो पोलीस असो, डॉक्टर असो की रुग्णालयाचा मालक, त्याला न कळवणाऱ्यापेक्षा जास्त शिक्षा लिहा. दोन्ही कलमं एकत्र आणा. पहिलं एकटंच आणणार असाल तर आणू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

असं का म्हणते ते सांगते. अपघाताचा पेशंट आला की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची ‘मेडिको-लीगल केस’, नोंदवावी लागते. त्या रजिस्टरात नाव, वय, पत्ता, जखमांचं वर्णन असतं आणि ‘कोणी आणले’ असा एक रकाना असतो. आमच्या रजिस्टरात त्या रकान्यात पानंच्या पानं ‘अनोळखी इसम’ असं लिहिलेलं असायचं. हे अनोळखी इसम मी डोळ्यांनी पाहिलेत. स्ट्रेचर ओढत आत यायचे, शर्ट रक्तानं भरलेला असायचा, पेशंट टेबलावर घेतला की मागच्या मागे सरकायचे. कोणी दबक्या आवाजात सांगायचा, “सिस्टर, माझं नाव नका लिहू.” कोणी हातसुद्धा न धुता निघून जायचा.

एकदा भल्या पहाटे एका टेम्पोवाल्यानं मोटारसायकलवरून पडलेल्या पोराला आणलं. टेम्पोत टोमॅटोचे क्रेट होते, बाजार समितीत लिलावाला पोचायची घाई होती, तरी त्यानं गाडी वळवली होती. वॉचमननं त्याला दारातच अडवलं, “पोलीस येईस्तोवर जायचं नाही.” पोलीस आले, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, “तूच उडवलंस ना?” टेम्पोच्या पुढच्या बंपरला हात लावून लावून बघितलं. जबाब झाला, परवाना ठेवून घेतला, संध्याकाळी चौकीला यायला सांगितलं. पोरगा जगला. टोमॅटोचा लिलाव चुकला. तो माणूस बाहेरच्या बाकावर डोक्याला हात लावून बसला होता, ते मला आजही दिसतं. त्यानंतर त्या रस्त्यानं जाताना त्यानं पुन्हा कधी गाडी थांबवली असेल का? आणि नसेल थांबवली, तर त्याला गुन्हेगार ठरवायला आपण कोणत्या तोंडानं जायचं?

माणसं दगडाची झालीत, मोबाईलनं माणुसकी संपवली, असं बोलणं सोपं आहे. रस्ते सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सेव्हलाईफ फाउंडेशन या संस्थेनं २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी सांगितलं, की आपण जखमीच्या मदतीला जाण्याची शक्यता कमी आहे. त्यातल्या ८८ टक्क्यांनी कारण दिलं ते पोलीस आणि कोर्टकचेरीच्या झंझटीचं. माझा अनुभवही तोच. लोकांना कळवळा असतो. त्यांना भीती असते ती आमच्यासारख्या सरकारी दारांची.

त्या दारांसाठी नियम झालेले आहेत, हे मला माहीत आहे. १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आधी जीव वाचवा, कायदेशीर सोपस्कार मागून. सरकारी असो की खासगी, कोणत्याही डॉक्टरनं जखमीला परत पाठवू नये. स्कूटरवरच्या एका जखमीला रुग्णालयानं दाखल करून घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं आणि तो वाटेत गेला, अशा बातमीवरून ते प्रकरण न्यायालयात गेलं होतं. पुढे सेव्हलाईफच्याच याचिकेवर ३० मार्च २०१६ ला न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचं कलम १३४-अ आलं. २०२० मध्ये त्याचे नियम आले. जखमीला आणणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करायची नाही. तो स्वतःहून साक्षीदार व्हायला तयार असेल तरच जबाब घ्यायचा, तोही त्याच्या सोयीच्या जागी, साध्या कपड्यांत जाऊन, एकदाच. आणि प्रत्येक रुग्णालयानं हे सगळे हक्क प्रवेशद्वाराशी, स्थानिक भाषेतही, ठळक लावायचे.

तुमच्या मतदारसंघातल्या रुग्णालयांच्या दारात तो फलक आहे का, हे एकदा स्वतः जाऊन बघा. पार्किंगच्या दरांचा फलक असतो. चपला बाहेर काढा, असाही असतो. हा मात्र मला फार थोड्या ठिकाणी दिसला, आणि तोही औषधाच्या जाहिरातीमागे अर्धा झाकलेला. शिवाय हे संरक्षण मोटार अपघातापुरतं आहे. फलाटावर छातीत कळ येऊन कोसळलेला, विहिरीत पडलेला, विजेच्या तारेला चिकटलेला, सुऱ्याचा वार झालेला, यांना उचलणाऱ्याला तसं स्पष्ट अभय महाराष्ट्रात कोणत्याही कायद्याच्या पानावर मिळत नाही. सद्हेतूनं केलेल्या कृतीला फौजदारी कायद्यात सूट आहे, पण ती सूट कोर्टात उभं राहिल्यावर मागायची असते. टेम्पोवाल्याला कोर्टातच जायचं नसतं.

आता सक्तीबद्दल. ‘नागरिकाला मदतीची सक्ती करणं आपल्या कायद्याच्या प्रकृतीत बसत नाही’ असं वकील मंडळी सांगतात. मला ते पटत नाही, कारण सक्ती आजही आहे. पोलिसानं रीतसर मदत मागितली तर ती देणं नागरिकावर बंधनकारक आहे आणि नकार देणं गुन्हा आहे. पोलीस झडतीला पंच म्हणून बोलावतात, तेव्हा सबळ कारणाशिवाय नाही म्हटलं तरी गुन्हा होतो. ज्याच्या गाडीनं धडक दिली, त्या चालकावर जखमीला दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नं टाकलेली आहे. म्हणजे कोणाच्या घराची झडती होत असताना मी तिथं उभं राहावं, असं कायदा मला सांगू शकतो. शेजारी कोणी रक्ताच्या थारोळ्यात असेल, तर मी खिशातला फोन काढावा, एवढंही मात्र तो सांगत नाही.

याचं मूळ फार जुनं आहे. आपल्या दंडसंहितेचा पहिला मसुदा लिहिणाऱ्या मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३७ च्या त्या मसुद्याला टिपणं जोडली होती. त्यात नदीचं एक उदाहरण आहे. नदीला पूर आलाय, वाटसरू पाण्यात उतरून पलीकडे जायला निघालाय, आणि काठावरच्या माणसाला ठाऊक असूनही तो त्याला सावध करत नाही. वाटसरू बुडून मरतो. काठावरचा माणूस वाटसरूंना सावध करण्यासाठी सरकारनं नेमलेला शिपाई असेल, किंवा पैसे घेऊन वाट दाखवणारा असेल, तर तो खून. तो नुसताच माणूस असेल आणि वाटसरूचा त्याच्यावर माणुसकीपलीकडे काही हक्क नसेल, तर खून नाही. लोकांनी इजा करू नये एवढं कायद्यानं पाहावं आणि चांगलं वागायला लावण्याचं काम धर्मावर, नीतीवर, लोकमतावर सोडावं, असा त्याचा विचार होता. कलकत्त्याच्या शल्यविशारदानं मेरठला जाऊन शस्त्रक्रिया केली नाही, म्हणून त्याला खुनी ठरवायचं का, असंही तो विचारतो. रेषा कुठे ओढायची, ही त्याची अडचण खरी होती.

पण हे वाचताना मला आपली सावित्री नदी आठवते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्या अंधारात, त्या पावसात, पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगारानं पूल गेल्याचं पाहिलं, मागून येणाऱ्या गाड्यांना रोखलं आणि खबर दिली, असं बातम्यांत आलं होतं. पोटासाठी परमुलखातून आलेला माणूस. त्याला कोणी तिथं नेमलं नव्हतं. समजा, तो पाहून आत जाऊन झोपला असता आणि आणखी गाड्या नदीत गेल्या असत्या, तर मेकॉलेच्या विचारानं तो निर्दोष. खून नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण अगदी काहीच नाही? साधा दंडसुद्धा नाही? हे माझ्या मनाला पटत नाही.

मेकॉलेच्या काळी मदत म्हणजे कोसच्या कोस चालणं, पाठुंगळी मारून नेणं, स्वतःचा दिवस आणि पैसा घालवणं होतं. आज ती एका फुकट फोनपासून सुरू होते. राज्यात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, ११२ आहे, राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ आहे. कलकत्त्याहून मेरठला जा, असं मी कोणालाच म्हणत नाही. रेषा आता ओढता येते, ती फोनपाशी ओढा.

बाहेरच्या देशांनी ती याहून पुढे ओढली आहे. फ्रान्समध्ये धोक्यातल्या माणसाला मदत न करणं हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि ७५ हजार युरोपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. जर्मनीत एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. तिथल्या एसेन शहरात २०१६ मध्ये एका बँकेत एटीएमपाशी ८३ वर्षांचे आजोबा कोसळले. पैसे काढायला आलेली माणसं त्यांना ओलांडून, वळसा घालून गेली. पुढे आजोबा दवाखान्यात वारले. कॅमेऱ्यावरून माणसं सापडली आणि २०१७ मध्ये तिघांना हजारो युरोंचा दंड झाला. तुरुंगात कोणी गेलं नाही. या गोष्टीचा दुसरा भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही. जर्मनीत वाहन परवाना हवा असेल तर आधी प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो. म्हणजे सरकारनं आधी शिकवलं आणि मग जाब विचारला. आपल्याकडे स्वतःच्या चारचाकीचा परवाना घेताना रक्त कसं थांबवायचं, हे कोणी विचारत नाही.

आणि ते न शिकल्याचे परिणाम आम्ही टेबलावर पाहायचो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतून आणलेलं असायचं आणि ते फुप्फुसात गेलेलं असायचं. मानेला मार लागलेल्याला दोघांनी हातापायांना धरून रिक्षात कोंबलेलं असायचं. फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा, चप्पल, दातांत चमचा. सगळे कळवळ्यानं केलेले उद्योग. म्हणून माझी मागणी फोनपाशी थांबते. कायद्यानं कोणालाही जखमीला उचलायला लावू नये. कळवा, ठिकाण नीट सांगा, धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत थांबा. ज्याला जमेल त्यानं वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं. पाणी पाजू नये. हे शाळेत नववीच्या पोरांना एका दुपारी शिकवता येतं.

धोक्याबद्दलही स्पष्ट लिहा. जून २०२४ मध्ये वसईत भररस्त्यात एका तरुणीला पान्यानं मारून टाकलं आणि माणसं बघत राहिली, म्हणून सगळा महाराष्ट्र हळहळला. त्याच्या एक वर्ष आधी पुण्यात सदाशिव पेठेत कोयता घेऊन मुलीच्या मागे लागलेल्याला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी धावत जाऊन पकडलं. त्या पोरांचं करावं तेवढं कौतुक थोडंच. पण कोयत्यासमोर जा, असं कोणताही कायदा कोणाला सांगू शकत नाही, सांगूही नये. वसईत बघणाऱ्यांकडून तेवढी अपेक्षा मी करत नाही. ज्यांनी मोबाईलवर चित्रण केलं, त्यांना मात्र मी विचारेन, की हातातल्या त्याच यंत्रावर ११२ दाबायला काय लागत होतं? रात्री घाटात बनावट अपघात दाखवून लुटतात, बाईमाणसानं गाडी थांबवू नये, हेही खरं आहे. नका थांबवू. पुढच्या टोलनाक्यावर पोचून कळवलं तरी कर्तव्य पार पडलं, असं कलमातच लिहा.

सगळ्यात मोठी शंका पोलिसांच्या हातात नवं हत्यार देण्याची आहे, आणि ती मला सर्वात जास्त पटते. सीसीटीव्हीत दिसलेल्या चाळीस जणांना नोटिसा काढायच्या आणि ‘मिटवून टाकू’ म्हणायचं, हे आपल्याकडे होणारच नाही, असं छातीठोक कोण सांगेल? म्हणून हा गुन्हा अदखलपात्र ठेवा. अटक नको. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय चौकशी नको. त्या माणसाला धोका दिसला होता, फोन करणं शक्य होतं आणि दुसऱ्या कोणी कळवल्याचं त्याला माहीत नव्हतं, हे तिन्ही सिद्ध करण्याचा भार सरकारवर ठेवा. शिक्षा म्हणून दंड, आणि सोबत सरकारी रुग्णालयात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. कैद नकोच. याउलट, मदत करणाऱ्याला जबरदस्तीनं नाव विचारणं, अडवून ठेवणं, त्याच्याकडे डिपॉझिट मागणं, त्याचं वाहन किंवा परवाना ठेवून घेणं, यासाठी व्यक्तिशः दंड आणि कैद दोन्ही असू द्या. खात्यांतर्गत चौकशी म्हणजे काय असतं, हे मला सरकारी नोकरीत राहून माहीत आहे.

मदत करणाऱ्याला केंद्र सरकार आता २५ हजार रुपयांचं बक्षीस देतं. अपघातग्रस्तावर दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार करण्याची योजनाही २०२५ मध्ये आली. दोन्ही स्वागतार्ह आहेत. पैसे कोण भरणार, ही भीती दुसरीमुळे कमी होईल. बक्षिसाबद्दल मात्र मला शंका आहे. जो माणूस नाव लिहू नका म्हणतो, तो कागदपत्रं घेऊन बक्षिसासाठी येईल का? त्याला पैसे नको असतात, त्याला वेळेवर लिलावाला पोचायचं असतं.

हा विषय केंद्राचा, असं सांगून हात झटकू नका. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्राला आणि राज्याला दोघांनाही कायदा करता येतो. शेजारच्या कर्नाटकानं मदत करणाऱ्यांच्या आणि आणीबाणीत उपचार करणाऱ्यांच्या संरक्षणाचा स्वतःचा कायदा २०१६ मध्ये केला आणि राष्ट्रपतींची संमती मिळवून तो अमलातही आणला. महाराष्ट्रात एकट्या २०२२ या वर्षात १५ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर गेली. वेळेत उपचार मिळाले तर रस्ते अपघातातले निम्मे बळी वाचू शकतात, असं विधी आयोगानं २००६ च्या अहवालात म्हटलं आहे. त्या वेळेतली पहिली मिनिटं ना डॉक्टरच्या हातात असतात, ना तुमच्या. जो कोणी आधी तिथं पोचतो त्याच्या हातात असतात.

विधेयक यायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. तोवर येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी कोणीही, कोणत्याही पक्षाच्या सदस्यानं, एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागणारा प्रश्न, लावावा. राज्यातल्या किती सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या प्रवेशद्वारावर मदतनिसांच्या हक्कांचा मराठी फलक आहे? २०२० पासून आजवर मदत करणाऱ्याला त्रास दिल्याबद्दल किती पोलीस आणि रुग्णालय कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली? आरोग्यमंत्री आणि गृहमंत्री, दोघांकडून जिल्हावार उत्तर मागा, आणि आलेलं उत्तर आपापल्या मतदारसंघातल्या रुग्णालयाच्या दारात जाऊन पडताळून पाहा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका